मुंबईच्या वाटा : जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा, वेदीचा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत द्यावयाचा, ही आपली जुनी व चांगली रीत आहे. परंतु देवळास भिंती आणि छप्पर असून भागत नाहीं. देवळापर्यंत येणारी वाटहि असावी लागते. ज्या वाटेनें वयोवृद्ध मंडळी काठी टेकीत पहांटेच्या मिस्सेला येतात, ज्या वाटेनें मुलें धर्मशिक्षणाच्या वर्गास येतात आणि ज्या वाटेनें शेवटीं आपणां प्रत्येकास खांद्यावरून आणावयाचें असतें, त्या वाटेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं आपल्या मुंबई शहराच्या वाटांची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

शहर वाढतें म्हणजे काय होतें? घरें वाढतात, माणसें वाढतात, रस्ते लांब व रुंद होतात, हें कोणासहि दिसतें. परंतु त्याबरोबरच आणखी एक फेरफार होत असतो आणि तो डोळ्यांस चटकन् दिसत नाहीं. रस्ते एकमेकांशीं ज्या रीतीनें जोडलेले असतात, ती रीतच हळूहळू पालटते. दूरचीं ठिकाणें जवळ येतात आणि जवळचीं दूर जातात.

ही रीत समजण्यास आपल्या कोळी बांधवांचें जाळें पुरेसें आहे. जाळ्यांत प्रत्येक गांठीपासून चारी दिशांस धागे गेलेले असतात. एक धागा तुटला तरी उरलेले भार सोसतात, आणि एका गांठीपासून दुसरीस जावयाचें तर अनेक मार्ग असतात. याच्या उलट झाड. झाडास खोड एक, खोडास फांद्या, फांद्यांस डहाळ्या. एका डहाळीवरून शेजारच्या डहाळीवर जावयाचें तर मुंगीस खोडापर्यंत उतरून पुन्हां वर चढावें लागतें, मग त्या दोन डहाळ्यांमधील अंतर वीतभर कां असेना! ज्या शहराचे रस्ते जाळ्यासारखे असतात तेथें पायीं चालणारा सुखी असतो. ज्याचे रस्ते झाडासारखे असतात तेथें भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जावयासहि हमरस्त्यावरून वळसा घालावा लागतो. शहरांच्या रस्त्यांचा अभ्यास करणारे पंडित हेंच अंकांनीं मोजतात : चौक किती, तिठे किती, आणि पुढें वाटच नाहीं अशा बंद गल्ल्या किती.

आतां मुंबईकडे वळूं. मुंबई हें मुळांत शहर नव्हतें, बेटांचा एक पुंजका होता. भरतीच्या वेळीं समुद्राचें पाणी आंत शिरे आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यास होडी लागे. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, मुंबई व वरळी यांमधील मोठें खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें; त्यासच हॉर्नबी वेलार्ड म्हणत व आतां लाला लजपतराय मार्ग म्हणतात. आंतील सखल जमीन त्यामुळें हळूहळू वर आली व तिच्यावरून वाटा काढतां आल्या. १७९३ सालीं बेलासिस रोड झाला. दुष्काळानें गांजून सुरतेहून आलेल्या गोरगरिबांनीं लोकवर्गणीच्या पैशावर तो बांधला, असें त्या रस्त्यावरील शिलालेखांतच नमूद होतें. पुढें गव्हर्नर डंकन यांच्या अमदानींत, १८०३ च्या सुमारास, शीव व कुर्ले यांना जोडणारा बांध झाला, आणि मुंबई बेटावरून साष्टीस पाय न भिजवितां जाण्याची सोय झाली. १८३८ सालीं कुलाब्याचा बांध झाला. बांध हें मुंबईच्या रस्त्यांचें पहिलें रूप होय. येथील रस्ता जमिनीवर आंखला गेला नाहीं, तो पाण्यांतून वर काढावा लागला.

ह्या सर्व बांधांमध्यें आपल्या समाजास अधिक जवळचा असा बांध माहीमचा. माहीम व बांद्रें यांमध्यें खाडी होती, आणि दोन्ही कांठांवर ख्रिस्ती वस्ती व जुनीं देवळें होतीं. पावसाळ्यांत होडीनें खाडी ओलांडणें जिवावरचें काम असे, आणि होड्या उलटून माणसें बुडाल्याच्या कहाण्या दोन्ही कांठांवर सांगितल्या जात. सरकारकडे पैसा नव्हता. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनीं सुमारें दीड लाख रुपये दिले, ते अशा अटीवर कीं ह्या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून जकात घेऊं नये. १८४५ सालीं तो रस्ता खुला झाला. एका पारशी बाईच्या दानामुळें माहीम आणि बांद्रें हीं एक झालीं. आजहि सप्टेंबरांत मोतमाउलीच्या सणास याच रस्त्यानें यात्रेकरू पायीं जातात, आणि १९४८ सालापासून दर बुधवारीं माहीमच्या संत मायकलच्या देवळांतील नोव्हेनेस बांद्र्याकडची मंडळी याच रस्त्यानें येतात. तीर्थें दोन, कांठ दोन, वाट एक. आणि ती सर्वांस मोकळी.

बेटें अशीं जोडलीं जात असतां खुद्द शहर मात्र तटाच्या आंत कोंडलेलें होतें. कोट म्हणून आपण ज्या भागास अजून ओळखतों, त्यास खरोखरच भिंत होती, आणि जमिनीच्या बाजूनें आंत जाण्यास तीनच दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट. आंतला रस्ता कोणताहि असो, तो शेवटीं ह्या तिहींपैकीं एका दाराशीं येई. हें झाडाचेंच रूप. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यास मोकळें मैदान असावें म्हणून अठराव्या शतकांत तेथील एस्पेरांसाचें, म्हणजे आशामातेचें, आपलें जुनें देऊळ पाडण्यांत आलें व तें भुलेश्वराकडे हलविलें गेलें. फेब्रुवारी १८०३ मध्यें कोटांत मोठी आग लागली. त्यानंतर पुष्कळ लोक तटाबाहेर राहावयास गेले आणि बाहेरचें शहर झपाट्यानें वाढूं लागलें. शेवटीं सर बार्टल फ्रीअर हे गव्हर्नर असतां, १८६२ नंतरच्या कांहीं वर्षांत, तट पाडण्यांत आला. तीन दारांच्या जागीं शहरास अनेक तोंडें फुटलीं, आणि आंतले रस्ते बाहेरच्या रस्त्यांस ठिकठिकाणीं मिळाले. चर्चगेट हें नांव आज एका स्टेशनास उरलें आहे. त्या नांवाचें दार मात्र दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वींच नाहींसें झालें.

तटाबाहेरचें शहर कोणी आंखलें नव्हतें. तेथें नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. धन्यानें आपल्या वाडीचे तुकडे पाडून ते घरांसाठीं दिले, आणि माळी ज्या पायवाटेनें विहिरीपर्यंत जाई तीच पायवाट गल्ली झाली. गिरगांवांतील खोताची वाडी ही अशीच. दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभु गृहस्थांच्या जमिनीवर आपल्या ईस्ट इंडियन बांधवांनीं लांकडी जिन्यांचीं व सज्जांचीं घरें बांधलीं. गल्ल्या वांकड्यातिकड्या, बैलगाडीसहि अडचण व्हावी अशा. परंतु माणसास त्या पुरेशा होत्या, आणि एका वाडीतून दुसरींत जाण्यास बोळ असत. नकाशांत गोंधळ दिसावा अशी ही रचना पायीं चालणाऱ्याच्या मात्र अंगवळणीं पडलेली होती.

एवढ्यांत रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली. १८६४ सालीं दुसऱ्या कंपनीची गाडी पश्चिम किनाऱ्यानें ग्रँट रोडपर्यंत आली आणि १८६७ पासून विरारहून रोजची गाडी सुरू झाली. मुंबईची भूमि चिंचोळी व दक्षिणोत्तर लांब. तिच्या अंगावर हे दोन लोखंडी मार्ग उभे आंखले गेले. त्यांनीं विरारचा माणूस चर्चगेटास आणून पोंचविला, पण रुळांच्या पूर्वेचा माणूस व पश्चिमेचा माणूस यांना मात्र वेगळें केलें. पूर्वीं जेथें शेताच्या बांधावरून सरळ जातां येई, तेथें फाटकाशीं थांबणें आलें; पुढें फाटकहि बंद झालें व दूरवरच्या पुलापर्यंत चालणें आलें. मुंबईंत आपण ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असा जो पत्ता सांगतों, त्यांतील पूर्व-पश्चिम ही सूर्यानें ठरविलेली नाहीं, रुळांनीं ठरविलेली आहे. जी वाट एका दिशेस जोडते तीच दुसऱ्या दिशेस तोडते, हा धडा मुंबईस प्रथम रेल्वेनें दिला.

पुढचा मोठा फेरफार रोगानें घडविला. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवींत तापानें माणसें मरूं लागलीं आणि तो ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे हें प्रथम ओळखणारे डॉक्टर होते आपले गोमंतकीय ख्रिस्ती बांधव अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. दाट वस्तींत हवा व उजेड खेळत नाहीं हें रोगाचें मूळ, असें त्या काळीं सरकारचें मत झालें आणि १८९८ सालीं मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन करण्यांत आला. समुद्रावरील वारा दाट वस्तीपर्यंत पोंचावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आतांचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आतांचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे रस्ते पूर्व-पश्चिम काढले गेले. दक्षिणोत्तर सिडनहॅम रोड निघाला. तोच पुढें महंमद अली रोड झाला. प्रिन्सेस स्ट्रीट कावेलच्या वस्तींतून गेली. कावेल हा मुंबईंतील सर्वांत जुन्या ख्रिस्ती मोहल्ल्यांपैकीं एक होय. ट्रस्टनें हवा आणली हें खरें; परंतु पहिल्या वर्षांत पाडलेल्या खोल्या पुष्कळ व नव्या बांधलेल्या थोड्या, म्हणून बेघर झालेले गरीब लोक शेजारच्या चाळींतच अधिक दाटीनें राहिले, हेंहि तितकेंच खरें.

ट्रस्टचें अधिक चांगलें काम उत्तरेकडे झालें. दादर, माटुंगा व शीव येथें मोकळ्या जमिनीवर आधीं रस्ते आंखून मग घरें बांधण्यांत आलीं. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स व किंग्ज सर्कल हीं त्याचीं फळें. येथें गल्ली सहसा मध्येंच अडत नाहीं. ती दुसऱ्या गल्लीस मिळते आणि दोन्ही मोठ्या रस्त्यास मिळतात. हें जाळें होय. आज शंभर वर्षांनंतरहि तेथें चालत फिरण्यांत जो आनंद आहे, तो झाडांच्या सावलीइतकाच ह्या आंखणीचाहि आहे.

खाडीपलीकडे साष्टींत त्याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. बांद्र्यास रानवर, चुईम, पाली, शेर्ली, चिंबई अशीं आपलीं जुनीं गांवठाणें व पाखाड्या होत्या. घरास घर लागून, मध्यें अरुंद वाट, वाटेच्या तोंडाशीं क्रूस. प्लेगाच्या काळांत गांवोगांव लोकांनीं संरक्षणासाठीं असे क्रूस उभारले, आणि ते जुन्या वाटांच्या मिळणीचीं ठिकाणें आजहि दाखवितात. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला, व त्यान्वयें बांद्रें, खार, सांताक्रुझ येथील शेतांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करून त्यांत सरळ रस्ते काढण्यांत आले. १९१८ सालीं साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. संत लिओ, संत सिरिल, संत अलेक्सिअस यांच्या नांवांचे तेथील रस्ते अजून कायम आहेत. हे रस्ते नवे व सरळ खरे, तथापि त्यांनीं जुन्या गांवठाणास पाठ दाखविली नाहीं. रानवरच्या वांकड्या गल्लींतून निघालेला माणूस चार पावलांत सरळ रस्त्यावर येतो, आणि सरळ रस्त्यावरचा माणूस गल्लींत शिरतो. जुनें व नवें यांना एकमेकांत उघडणारीं तोंडें ठेविलीं, ह्यांत त्या आंखणीचें शहाणपण आहे.

यानंतरचा काळ निराळा. १९५० सालीं मुंबईची हद्द जोगेश्वरीपर्यंत व १९५७ सालीं दहिसर-मुलुंडापर्यंत गेली. १९५१ सालीं बृहन्मुंबईंत सुमारें तीस लाख लोक होते, ते २०११ सालीं सुमारें एक कोटि चोवीस लाख झाले. एवढ्या लोकांची ने-आण करावयाची तर मोठे रस्ते हवेतच, आणि पश्चिम व पूर्व द्रुतगति महामार्ग त्यासाठीं झाले. पण रेल्वेप्रमाणें तेहि दक्षिणोत्तर. रूळ, महामार्ग, मध्यें टेंकड्या व विमानतळ, यांमुळें उपनगराचे उभे पट्टे पडले, आणि एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत जावयाच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. सांताक्रुझहून चेंबुरास जाणारा जोडरस्ता २०१४ सालीं खुला झाला, यावरूनच ही उणीव किती काळ सोसावी लागली तें दिसून येईल. शिवाय मधल्या जमिनीवर जीं संकुलें उभीं राहिलीं, त्यांच्या रस्त्यांस एकच दार. आंत बाग आहे, दिवे आहेत, गुळगुळीत वाट आहे. परंतु ती वाट आंतच फिरून दाराशीं परत येते. असें एक संकुल आल्यानें कांहीं बिघडत नाहीं. एकास लागून एक अशीं दहा आलीं म्हणजे जुन्या पायवाटा नाहींशा होतात आणि सर्वांस एकाच हमरस्त्यावर उतरावें लागतें.

हें दुखणें एकट्या मुंबईचें नव्हे. अमेरिकेंत न्यूयॉर्कचे चौकोनी रस्ते १८११ सालीं आंखले गेले होते. त्याच देशांत मोटारीचा प्रसार झाल्यावर, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, उपनगरांतून बंद गल्ल्यांची चाल पडली. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल ह्या दोन अभ्यासकांनीं तेथील एका शतकाचे रस्ते मोजून २०१५ सालीं असें दाखविलें कीं, रस्त्यांची जोडणी १९९४ च्या सुमारापर्यंत सारखी ढांसळत गेली व नंतर कोठें ती सुधारूं लागली. २०२० सालीं त्यांनींच सर्व जगाचा हिशेब मांडला, आणि १९७५ पासून जगांतील नव्या वस्त्यांचे रस्ते एकंदरींत कमी-कमी जोडलेले होत चालले आहेत असें त्यांना आढळलें. याचें महत्त्व एवढ्यासाठीं कीं रस्ता घरापेक्षां दीर्घायुषी असतो. घर पन्नास वर्षांत पडतें व नवें उभें राहतें. रस्त्याची रेघ मात्र तीच राहते. मुंबईचा तट जाऊन दीडशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी कोटांतील जुन्या गल्ल्यांची ठेवण अजून ओळखूं येते. म्हणून आज जी गल्ली आपण बंद करूं ती नातवंडांनाहि बंदच मिळेल.

जाळें तुटून झाड झालें म्हणजे काय होतें, हें मुंबईनें गेल्या कांहीं वर्षांत अनुभविलें आहे. अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग ३ जुलै २०१८ रोजीं रुळांवर कोसळला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें तो पूल वाहतुकीस पूर्ण बंद करावा लागला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्यें खुली झाली व संपूर्ण पूल मे २०२५ मध्यें. मधल्या काळांत अंधेरीची पूर्व व पश्चिम एकमेकांस पारखीं झालीं, कारण जवळपास दुसरी सोईची वाट नव्हती. कर्नाक पुलाचीहि गोष्ट तीच. १८६८ चा तो पूल २०२२ सालीं उतरविला गेला व त्या जागीं नवा पूल जुलै २०२५ मध्यें खुला झाला.

याहून शोचनीय प्रसंग परळचा. तेथें गिरण्या होत्या तोंवर प्रत्येकीस उंच भिंत होती, आणि कामगार भोंग्यासरशी आंत जाई व बाहेर येई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व त्या जमिनींवर कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९९६ सालीं गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करणारा आराखडा सुचविला होता. तो अमलांत आला नाहीं आणि प्रत्येक गिरणीची जमीन वेगवेगळी विकसित झाली. हजारों नवे चाकरमाने रोज येऊं लागले, पण स्टेशनाबाहेर पडावयाच्या वाटा जुन्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं, पाऊस कोसळत असतां, एल्फिन्स्टन रोड व परळ ह्या स्टेशनांस जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मृत्यु पावलीं. भूमीचा कंप नव्हता कीं आग नव्हती. पुष्कळ माणसें आणि एकच वाट, एवढेंच मुख्य कारण. वाटा जोडण्याचा विषय अभियंत्यांच्या कागदापुरता नाहीं, माणसाच्या प्राणाशीं त्याचा संबंध आहे, हें त्या दिवशीं सर्वांस कळून चुकलें.

लॅटिन भाषेंत धर्माध्यक्षास ‘पोंतिफेक्स’ असा शब्द आहे, व परमगुरुस्वामींस तो आजहि लावतात. त्याची व्युत्पत्ति ‘पूल बांधणारा’ अशी सांगतात. पूल बांधणें हें पवित्र कार्य, अशी प्राचीन लोकांची समजूत त्या शब्दांत उरली आहे. पण पूल म्हणजे काय? ज्यावरून सर्वांस जातां येतें तो. माहीमच्या खाडीच्या तोंडाशीं, जुन्या बांधापासून दूर नव्हे, वांद्रें-वरळी सागरी सेतु २००९ सालीं खुला झाला. सुमारें साडेपांच किलोमीटर लांबीची ती बांधणी पाहून मन थक्क होतें, आणि तिनें मोटारींचा मोठा वळसा चुकविला हें मान्य केलेंच पाहिजे. जानेवारी २०२४ मध्यें मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा अटल सेतु झाला. त्याची लांबी सुमारें २२ किलोमीटर. परंतु ह्या दोन्ही सेतूंवर पायीं चालणाऱ्यास मज्जाव आहे, दुचाकीस मज्जाव आहे, आणि मोटारीस पथकर आहे. १८४५ चा बांध व २००९ चा सेतु हे एकाच खाडीचे दोन जोड. एकावरून अनवाणी यात्रेकरू जातो, दुसऱ्यावरून त्यास जातां येत नाहीं. कोणता चांगला असा प्रश्न नाहीं. दोन्ही हवेत. मात्र दुसरा झाला म्हणून पहिल्याचें काम झालें, असें समजूं नये.

येथें कोणी म्हणेल, फादर, जुन्या मोकळ्या गल्ल्यांची थोरवी तुम्ही सांगतां. पण मोकळ्या गल्लींतून चोर येतो, आणि फटफटीवाले भरधांव जाऊन लेंकरांस धडक देतात, त्याचें काय? हा आक्षेप खोटा नव्हे. दार लावणाऱ्या शेजाऱ्याची भीति खरी असते. तथापि वाहन अडविणें आणि माणूस अडविणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गल्लीच्या तोंडाशीं दोन खांब रोवले कीं फटफटी व मोटार थांबते व आजीबाई जाते. जेथें माणसांची ये-जा असते तेथें चोरासहि दहा डोळे पाहत असतात. निर्जन बोळापेक्षां वर्दळीची गल्ली अधिक सुरक्षित, हा आपल्या गांवठाणांचा जुना अनुभव आहे.

हें सर्व आपणांस कां सांगावयाचें? धर्मग्राम हा मुळांत भूभाग होय. ठराविक सीमेंत राहणारे सर्व श्रद्धावंत मिळून एक धर्मग्राम, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा सामान्य नियम आहे. मुंबईच्या कित्येक धर्मग्रामांच्या सीमा आंखल्या गेल्या तेव्हां तेथें शेतें व मिठागरें होतीं; पुढें मधूनच महामार्ग गेला. नकाशावर धर्मग्राम एक, चालावयास मात्र दोन. रस्त्याच्या पलीकडच्या पांच मिनिटांच्या अंतरावरील म्हातारी बाई रिक्षावांचून मिस्सेला येऊं शकत नाहीं, आणि रिक्षाचे पैसे रोज कोठून आणावे म्हणून ती घरींच जपमाळ म्हणते. तिची श्रद्धा उणी झालेली नसते. तिची वाट तुटलेली असते.

महामार्ग आपणांस हलवितां येणार नाहीं. परंतु आपल्या हातांत कांहीं गोष्टी आहेत. जुन्या बंगल्यांचें व चाळींचें पुनर्बांधणीचें काम जागोजाग चाललें आहे, आणि त्या कागदांवर सही करणाऱ्यांत आपलेच लोक आहेत. सही करण्यापूर्वीं एवढें विचारावें : ह्या जमिनीवरून आज कोणाची पायवाट जाते काय? जात असल्यास नव्या नकाशांत ती दाखविली आहे काय? दोन लगतच्या सोसायट्यांनीं सामाईक भिंतींत माणूस जाण्याइतकें लहान दार ठेवण्यास काय हरकत आहे? गांवठाणाच्या वहिवाटीच्या वाटा नकाशावर नोंदलेल्या आहेत काय, हें हयात असलेल्या जाणत्या मंडळींच्या मदतीनें पाहून ठेवावें. कारण ज्या वाटेची नोंद नाहीं ती एके दिवशीं पत्र्याच्या कुंपणाआड जाते, आणि मग ती होती हें सिद्ध करणें कठीण होतें. वाटेच्या तोंडचा क्रूस हलविण्याची गोष्ट निघाली तर तो क्रूस कोणत्या दोन वाटा मिळतात तेथें उभा आहे, हेंहि आवर्जून सांगावें. आणि देवळाच्या व शाळेच्या आवारास जेथें दोन बाजूंनीं रस्ता आहे, तेथें दोन्ही बाजूंचीं फाटकें निदान मिस्सेच्या व शाळेच्या वेळीं उघडीं ठेवावीं, म्हणजे मागल्या आळीच्या लोकांचा वळसा वांचेल.

सुरतेच्या दुष्काळग्रस्तांनीं घाम गाळून रस्ता केला, आवाबाईंनीं द्रव्य देऊन खाडी ओलांडून दिली, आणि साल्सेट संस्थेच्या रहिवाशांना सरळ रस्ते मिळाले तरी गांवठाणाकडची तोंडें उघडीं राहिलीं. त्यांच्या मानानें आपणांकडून मागितलें जात आहे तें फार थोडें : एक लहान दार, एक नोंद, एक उघडें फाटक. ज्युबिलीच्या ह्या वर्षांत प्रत्येक वाडीनें व सोसायटीनें अशी एक तरी वाट शोधून राखली, तर पुढच्या ज्युबिलीस येणारी पिढी देवळापर्यंत पायीं येईल. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.